‘मोटार भरून मिळेल’ : छोट्या दुकानाची वेबसाइट गुगलवर वर कशी आणायची

मिरजेत माझ्या मावसभावाचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देण्याचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी, बोअरमधल्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या, कुपवाडच्या कारखान्यांतल्या थ्री-फेज, जळाल्या की त्याच्याकडे येतात. त्यानं पैसे मोजून वेबसाइट करून घेतली आणि वर्षभरात तिच्यावरून एकही फोन आला नाही. मला दाखवली तेव्हा पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं : ‘आम्ही विद्युत मोटर पुनर्वेष्टन क्षेत्रातील अग्रगण्य सेवा प्रदाता आहोत.’

मी विचारलं, ‘पुनर्वेष्टन म्हणजे काय रे?’

‘मला काय ठाऊक? त्या पोरानं लिहिलंय.’

आमच्या भागात कुणी मोटारीचं पुनर्वेष्टन करत नाही. मोटार भरतात. ‘मोटार जळली, भरायला टाकलीय’ असंच सगळे बोलतात आणि गुगलमध्येही तेच किंवा त्याच्या आसपासचं टाइप करतात. जो शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडात नाही त्या शब्दावर वेबसाइट पहिली आली तरी उपयोग शून्य.

त्यानंतर सात-आठ महिने सुट्टीच्या दिवशी बसून आम्ही ती साइट सुधारली. काय केलं ते त्याच क्रमानं लिहितोय. तुमचं दुकान चष्म्याचं असेल, मंगल कार्यालय असेल किंवा दातांचा दवाखाना, शब्द बदलतील पण क्रम हाच ठेवा. कोडिंग आलंच पाहिजे असं नाही. जिथं वेबसाइटवाल्याची मदत लागेल तिथं तसं सांगतो.

गुगल दुकानांची रांग कशी लावतं

‘मोटर रिवाइंडिंग मिरज’ असं शोधा. वर नकाशा आणि त्याखाली बहुधा तीन दुकानं दिसतील. त्यानंतर नेहमीच्या लिंका. हे दोन वेगळे पाट आहेत. नकाशातली दुकानं येतात गुगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे दुकानाच्या गुगलवरच्या नोंदीवरून (२०२१ पर्यंत याचं नाव गुगल माय बिझनेस होतं, अजून बरेच जण तेच म्हणतात). खालच्या लिंका येतात वेबसाइटवरून. पण पाणी एकमेकांत झिरपतं: चांगल्या वेबसाइटमुळं प्रोफाइल वर सरकते आणि प्रोफाइलवरून लोक वेबसाइटवर येतात.

नकाशातली रांग तीन गोष्टींवर ठरते, असं गुगलनंच जाहीर लिहून ठेवलंय. शोधलेल्या गोष्टीशी तुमचं दुकान किती जुळतं, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे आणि तुमच्या दुकानाचं नाव किती झालंय. यातलं अंतर तुमच्या हातात नाही. मिरज स्टेशनसमोर उभ्या असलेल्या माणसाला आणि सांगलीत बसलेल्या माणसाला वेगवेगळी तीन दुकानं दिसणार. म्हणून ‘सगळीकडं पहिला नंबर’ हा हट्ट आधीच सोडा. आणि कुणी फोन करून पहिल्या नंबरची गॅरंटी देत असेल तर फोन ठेवा. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हेही गुगलनंच लिहिलंय.

आणखी एक. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या दुकानात बसून स्वतःचंच नाव शोधू नका. साइट गुगलवर दिसायला लागल्यावर मावसभाऊ रोज तेच करायचा आणि खूश असायचा. तुम्ही दुकानातच बसलाय, त्यात त्या साइटवर रोज जाताय, त्यामुळं ती वर दिसणारच. बघायचंच असेल तर दुसऱ्या गावातल्या पाहुण्याला फोन करून सांगा, ‘तुझ्या मोबाइलवर शोध आणि स्क्रीनशॉट पाठव.’

पायरी १ : वेबसाइट गुगलला दिसते का?

गुगलच्या चौकटीत इंग्रजी लिपीत ‘साइट’ हा शब्द, लगेच कोलन आणि जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता असं टाइप करा. गुगलकडं तुमची जी पानं आहेत त्यातली बरीचशी दिसतात. आमच्या बाबतीत एकही दिसलं नाही.

कारण हास्यास्पद होतं. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचं पान असतं, त्यात सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका अशा अर्थाची एक खूण असते. साइट बांधताना ती करून ठेवतात, म्हणजे अर्धवट काम बाहेर दिसत नाही. काम झाल्यावर काढायची असते. ती राहून गेली होती. वर्षभर दुकानाचं शटर आतून बंद आणि आम्ही म्हणतोय गिऱ्हाईक का येत नाही! खूण काढायला दहा सेकंद लागले.

त्या दहा सेकंदांपर्यंत पोचायला मात्र महिना गेला, कारण पासवर्ड वेबसाइटवाल्याकडं, डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) त्याच्या नावावर आणि तो फोन उचलेना. डोमेन म्हणजे सातबारा. तो दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्या जमिनीवर काय बांधताय याला अर्थ नाही. आजच तपासा: डोमेन तुमच्या ईमेलवर नोंदलंय का, नूतनीकरणाचं बिल तुमच्याकडं येतं का, होस्टिंगचा (साइट जिथं ठेवलेली असते त्या जागेचा) आणि साइटचा पासवर्ड तुमच्या वहीत आहे का. नसेल तर पुढचं काहीही करण्याआधी हे करून घ्या. ज्यांनी गुगलनं फुकट दिलेली छोटी साइट वापरली होती त्यांनी बोर्डावरचा पत्ताही बघावा. त्या साइटी गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, पण दुकानांच्या फ्लेक्सवर ते पत्ते अजून दिमाखात आहेत.

मग गुगल सर्च कन्सोल उघडा, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन. फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करायला एक छोटा कोड टाकावा लागतो, तेवढं वेबसाइटवाल्याकडून करून घ्या. तिथं साइटमॅप द्या, म्हणजे सगळ्या पानांची यादी. वर्डप्रेस ती आपोआप बनवतं. महत्त्वाचं पान असेल तर त्याचा पत्ता वरच्या चौकटीत टाकून ते गुगलच्या यादीत घेण्याची विनंती करता येते. त्यानंतर काही दिवस थांबा, रोज विनंत्या करून काही होत नाही.

पत्त्याच्या आधी ‘नॉट सिक्युअर’ असं दिसत असेल, म्हणजे साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) नसेल, तर तेही करून घ्या. सर्टिफिकेट फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला कारण विचारा.

पायरी २ : फोनशेजारी वही

सगळ्यात जास्त फायदा मला विचाराल तर या पायरीनं झाला आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. काउंटरवर फोनशेजारी शंभर पानी वही ठेवली. मावसभावाला सांगितलं, पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिही. सुधारून लिहू नको. त्यातली काही वाक्यं:

‘पाच एचपीची मोटार भरायला किती घेता?’
‘मोटार हूं करतीया, पण फिरंना.’
‘आज टाकली तर परवा मिळंल का? पाण्याची पाळी हाय.’
‘बोअरमधनं मोटार काढायला माणसं येतात का?’
‘तांब्यातच भरता न्हवं?’
‘भरल्यावर परत जळली तर?’
‘म्हैसाळला येता का?’

आता वेबसाइट उघडून बघितलं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिथं नव्हतं. दूरदृष्टी होती, ध्येय होतं, हस्तांदोलन करणाऱ्या दोन गोऱ्या साहेबांचा फोटो होता.

वहीतल्या वाक्यांचे गठ्ठे करा. काही कामाचे (मोटार भरणं, बेअरिंग बदलणं, बोअरमधून काढणं), काही लक्षणांचे (हूं करते, जळका वास येतो, फ्यूज उडतो), काही गावांचे, काही पैशाचे आणि वेळेचे. मोठा गठ्ठा म्हणजे वेबसाइटवरचं एक स्वतंत्र पान. छोटा गठ्ठा म्हणजे त्या पानावरचा एक उपमथळा.

मग तीच वाक्यं गुगलमध्ये टाइप करायला सुरुवात करा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा. लोक अजून काय विचारतात हे तिथं कळतं. आम्हाला कळलं की ‘मोटर’ आणि ‘मोटार’ दोन्ही चालतं, ‘वायंडिंग’, ‘वाइंडिंग’, ‘रिवाइंडिंग’ तिन्ही चालतं, आणि बरेच जण मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहितात. पण म्हणून मराठी पान इंग्रजी अक्षरांत लिहून काढू नका, ते वाचवत नाही. एक स्वच्छ मराठी पान करा, एक स्वच्छ इंग्रजी पान करा, दोघांचे पत्ते वेगळे ठेवा आणि ही एकमेकांची भाषांतरं आहेत अशी खूण (तिला एचरेफलँग म्हणतात) वेबसाइटवाल्याकडून घालून घ्या. अर्धं मराठी अर्धं इंग्रजी असं खिचडी पान टाळा. वेगवेगळी स्पेलिंगं मजकुरात सहज येतील तेवढीच येऊ द्या. ‘मोटर मोटार मोटर रिवाइंडिंग मोटार वायंडिंग मिरज सांगली’ अशी माळ लावली की माणूसही पळतो आणि गुगलही ते कचऱ्यात धरतं.

आमच्याकडं कागवाड-अथणीकडून कन्नड बोलणारी गिऱ्हाइकंही येतात. कन्नड पान करायचं ठरलंय, पण ते कन्नड येणाराच लिहील. मशीनकडून भाषांतर करून घेतलं की तिथंही एखादं ‘पुनर्वेष्टन’ निघायचं.

पायरी ३ : बिझनेस प्रोफाइल

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर वेबसाइट राहू द्या, आधी हे करा.

नाव : बोर्डावर आहे तेच. आमच्या ओळीतल्या एका दुकानदारानं नावापुढं ‘बेस्ट मोटर रिवाइंडिंग मिरज सांगली’ जोडलंय आणि खरं सांगायचं तर त्याला काही काळ त्याचा फायदाही झाला. पण ते नियमाविरुद्ध आहे. कुणीही नकाशावरून ‘दुरुस्ती सुचवा’ दाबून तक्रार करू शकतो आणि एखाद्या दिवशी प्रोफाइलच निलंबित होते. ऐन उन्हाळ्यात, मोटारी जळायच्या हंगामात ती गेली तर? मावसभावाला मी तसं करू दिलं नाही.

वर्ग : हा सगळ्यात वजनदार रकाना आहे. मुख्य वर्ग एकच देता येतो, जोडीला आणखी नऊ. आमच्या प्रोफाइलवर मुख्य वर्ग होता ‘इलेक्ट्रिशियन’. म्हणजे घरातला पंखा बसत नाही म्हणून फोन यायचे. तो बदलून ‘इलेक्ट्रिक मोटर रिपेअर शॉप’ केला. नऊच्या नऊ भरायची हौस नको, जे काम खरंच करता तेवढेच घ्या.

पिन : आपले पत्ते ‘मारुती मंदिराच्या मागं, बोळातून आत’ असे असतात. गुगल अशा पत्त्यावर पिन अंदाजानं टाकतं. आमची पिन मागच्या रस्त्यावर पडली होती. ट्रॅक्टरमधून मोटार घेऊन आलेला माणूस तिथं जाऊन उभा राहायचा आणि शिव्या देत फोन करायचा. नकाशा मोठा करा, सॅटेलाइट दृश्य लावा आणि पिन शटरच्या दारावर ओढून आणा. खुणेची जागा पत्त्यात लिहाच, पिनकोडही लिहा.

वेळ : खरी. साप्ताहिक सुट्टी, गणपती, दिवाळीचे दिवस आधी भरून ठेवा. ‘उघडं आहे’ वाचून वीस किलोमीटरवरून आलेला माणूस बंद शटर बघतो तेव्हा एका ताऱ्याचा रिव्ह्यू तिथंच रस्त्यावर उभा राहून लिहितो.

वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. वहीतल्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं लिहा, संपलं.

पडताळणीसाठी गुगल आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. न थांबता एकच व्हिडिओ घ्यायचा: रस्ता, शेजारची दुकानं, आपला बोर्ड, मग किल्लीनं शटर उघडताना, आतलं कामाचं टेबल, वायंडिंग मशीन. चेहरा दाखवायची गरज नाही. घाईत केला की नाकारला जातो. आमचा पहिला नाकारला गेला, कारण बोर्डावर ऊन पडून अक्षरंच दिसत नव्हती.

जे घरून काम करतात, म्हणजे प्लंबर, केटरिंगवाले, मेंदीवाल्या, त्यांनी पत्ता लपवून सेवेचा भाग द्यावा. त्यात २० पर्यंत गावं किंवा भाग देता येतात. लोक दुकानात येत असतील तर पत्ता दाखवायचा.

फोटो विकतचे नकोत. जळालेली कॉइल, निम्मी भरलेली मोटार, वार्निश लावून सुकायला ठेवलेली मोटार, असे दर आठवड्याला दोन टाका. मोटारीच्या फोटोला शोभा नसते असं मावसभावाचं म्हणणं होतं. शेतकऱ्याला शोभा नको असते, हा माणूस तांब्यात भरतो की नाही ते बघायचं असतं.

पायरी ४ : वेबसाइटची पानं

आधी एक चाचणी. मोबाइलवर आपलं पान उघडा, मजकुरावर बोट दाबून धरा, ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवा. तीच मराठी ओळ आली तर ठीक. निवडताच आली नाही तर तो मजकूर नाही, चित्र आहे. बऱ्याच मराठी दुकानदारांच्या साइटवर फ्लेक्सचा जेपीजी उचलून तसाच चिकटवलेला असतो. माणसाला वाचता येतं, पण चित्रातल्या अक्षरांवर रांगेत वर येण्याची आशा धरू नका. आणि ओळ कॉपी होऊन भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली, तर मजकूर जुन्या डीटीपी फाँटमध्ये आहे. प्रेसवाल्याकडून आलेली माहिती साइटवर टाकली की असं होतं. गुगलच्या लेखी ती मराठी नाहीच. सगळं युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं त्यात) पुन्हा टाइप करून घ्या. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

आता टायटल. ब्राउझरच्या टॅबवर आणि गुगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसतं ते. आमच्या पहिल्या पानाचं टायटल होतं ‘होम’. बदलून हे केलं:

‘मोटर रिवाइंडिंग मिरज | शेतीपंप, सबमर्सिबल मोटार भरून मिळेल’

त्यात काम आहे, गाव आहे आणि गिऱ्हाइकाचा शब्द आहे. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं हवं. त्याखालची दोन ओळींची माहिती, म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन, लिहिल्यानं नंबर वाढत नाही, पण ती वाचून माणूस बोट दाबतो, म्हणून लिहा. ‘मेटा कीवर्ड’ भरायचे पैसे कुणी मागत असेल तर देऊ नका. गुगल ते रांगेसाठी वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय.

पानावरचा पहिला परिच्छेद आम्ही असा लिहिला:

‘पाण्याची मोटार जळाली? मिरजेत आमच्या दुकानात १ ते २५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपाच्या आणि सबमर्सिबल मोटारी तांब्याच्या तारेत भरून मिळतात. मोटार टाकताना आम्ही ती उघडून तुमच्यासमोर जळाल्याचं कारण दाखवतो. पाण्याची पाळी जवळ असेल तर आधी फोन करा, तुमचा नंबर आधी लावतो.’

‘अग्रगण्य’ नाही, ‘दर्जेदार’ नाही. मावसभाऊ काउंटरवर जे बोलतो तेच.

मग प्रत्येक मोठ्या कामाला एक पान. सबमर्सिबलचं वेगळं, गिरणीच्या मोटारीचं वेगळं, कारखान्यांसाठीच्या कामाचं वेगळं. सगळ्यात जास्त लोक आले ते मात्र एका अनपेक्षित पानावर: ‘मोटार हूं करते पण फिरत नाही, काय झालं असेल?’ एका रविवारी मी रेकॉर्डर लावला आणि मावसभावाला बोलायला लावलं. एक फेज गेली असेल तर थ्री-फेज मोटार दोनच फेजवर जोर लावते, फिरत नाही आणि मिनिटांत तापते. सिंगल फेज मोटारीचा कॅपॅसिटर गेला असेल. बेअरिंग जाम असेल. पंपात गाळ किंवा खडा अडकला असेल. आधी स्विच बंद कर, तिन्ही फेज आहेत का बघ, मग पंपाचा शाफ्ट हातानं फिरतो का बघ. यातल्या दोन गोष्टी गिऱ्हाईक घरीच निस्तरू शकतं. त्याला वाटलं, असं सगळं सांगून टाकलं तर आपल्याकडं येणार कोण? पण ज्याची कॉइल खरंच जळालीय तो ती घरी भरणार नाही, तो ज्यानं नीट समजावलं त्यालाच फोन करतो.

गावांचं काय? म्हैसाळ, बेडग, आरग, मालगाव, अशा तीस गावांची तीस पानं करायची आणि फक्त गावाचं नाव बदलायचं, हा सल्ला तुम्हाला मिळेल. करू नका. गुगलच्या नियमांत अशा पानांना डोअरवे पानं म्हणतात आणि ती काढून टाकली जातात. त्याऐवजी झालेलं काम लिहा. एखाद्या गावातून १० एचपीची सबमर्सिबल आली, बोअरचं पाणी खाली गेलं होतं, मोटार कोरडी चालून जळाली, आता ड्राय-रनचं संरक्षण बसवलंय. गावाचं नाव, दोन फोटो, सहा ओळी. गिऱ्हाइकाचं नाव नको.

प्रत्येक पानाच्या तळाशी नाव, पत्ता आणि फोन मजकुरात हवा, चित्रात नको. फोन नंबर बोट दाबताच लागला पाहिजे.

पायरी ५ : मोबाइल आणि वेग

गुगल तुमच्या साइटचं मोबाइलवरचं रूपच धरतं. संगणकावर ती कितीही देखणी दिसो.

पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या फुकट साधनात पत्ता टाका. तीन आकडे बघायचे. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा (एलसीपी). बोट दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा (आयएनपी, हा मोजमापात मार्च २०२४ पासून आला). आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत (सीएलएस). दुकानाच्या साइटवर हे बिघडतं ते बहुतेक वेळा फोटोंमुळं. मोबाइलनं काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. रुंदी बाराशे-पंधराशे पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात जतन करा, काम झालं. पहिल्या पानावरचा सरकत्या चित्रांचा पट्टा काढून टाकला आणि आमचा निम्मा प्रश्न सुटला. १०० पैकी १०० गुण मिळवण्याच्या नादी लागू नका, त्यात फक्त वेबसाइटवाल्याचं बिल वाढतं.

पायरी ६ : स्कीमा

हे वेबसाइटवाल्याचं काम. पानाच्या कोडमध्ये दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, फोन ठरावीक साच्यात लिहायचं, म्हणजे गुगलला अंदाज करावा लागत नाही. त्याला ‘लोकल बिझनेस स्कीमा, जेसन-एलडीमध्ये’ एवढं सांगा आणि झाल्यावर गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये तपासा. स्वतःच्या साइटवर स्वतःच टाकलेले तारे मात्र गुगल दुकानांच्या निकालात २०१९ पासून दाखवत नाही, त्यामुळं त्यासाठी पैसे घालू नका.

पायरी ७ : रिव्ह्यू

प्रोफाइलमध्ये रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून काउंटरवर लावला आणि काही झालं नाही. मोटार भरून घेऊन जाताना माणूस घाईत असतो. मग वेळ बदलली. मोटार बसवून दोन दिवस झाले की मावसभाऊ स्वतः फोन करतो, ‘चालतीय का व्यवस्थित?’ उत्तर काहीही असो, मग लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर. हा फोन तो आधीही करायचाच, फक्त लिंक जोडली.

रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं नियमात बसत नाही. फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून लिंक पाठवणंही नाही. विकतचे रिव्ह्यू तर नकोच. ते लिहिणाऱ्या एकाही खात्याला चेहरा नसतो, सगळे एकाच दिवशी येतात आणि मिरजेतल्या दुकानाला ‘अमेझिंग अ‍ॅम्बियन्स’ म्हणतात.

वाईट रिव्ह्यू आला तर त्या रात्री उत्तर लिहू नका. सकाळी लिहा, चार ओळी, भांडण न करता. ‘मोटार परत जळाली हे खरं आहे. उघडून बघितल्यावर स्टार्टरचा ओव्हरलोड रिले बिघडलेला निघाला. वायंडिंगचे पैसे पुन्हा घेतले नाहीत.’ हे उत्तर त्या माणसासाठी नसतं, पुढं वाचणाऱ्या प्रत्येकासाठी असतं.

पायरी ८ : बाहेरची नोंद

जस्टडायल, इंडियामार्ट, बिंग प्लेसेस, अ‍ॅपल मॅप्स, फेसबुक पेज, सगळीकडं नाव, पत्ता आणि फोन एकसारखा हवा. आमचा जुना लँडलाइन नंबर तीन ठिकाणी होता. बंद करून किती वर्षं झाली ते त्यालाही आठवेना. एक संध्याकाळ बसून सगळे बदलले. पैसे देऊन वरची जागा घ्यायची का, हा वेगळा हिशोब आहे, फुकट नोंद मात्र बरोबर असू द्या.

दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटला लिंक मिळाली तर वजन वाढतं. हजार रुपयांत पाचशे लिंका विकणारे भेटतील, त्या विषासारख्या आहेत. खरी लिंक ओळखीतून येते. ज्या कंपनीचे पंप विकता तिच्या विक्रेत्यांच्या यादीत, व्यापारी संघटनेच्या सभासद यादीत, ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मदत करता तिच्या पानावर. मावसभावानं पंप कंपनीच्या माणसाला चहा पाजून यादीत नाव घालून घेतलं. तेवढी एक लिंक त्या पाचशेंना भारी.

पायरी ९ : महिन्यातून एकदा बघा

सर्च कन्सोलमध्ये कुठल्या शब्दांवर तुमची साइट दिसली आणि कितींनी बोट दाबलं ते दिसतं. मागच्या १६ महिन्यांची माहिती राहते. रोज बघून जीव जाळू नका, महिन्यातून एकदा पुरे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत फारसं काही हलत नाही. आमच्याकडं नकाशातला फरक लवकर दिसला, वेबसाइटचा चौथ्या महिन्यानंतर. उन्हाळ्याची तुलना पावसाळ्याशी करू नका, हंगामी धंद्यात मागच्या वर्षीचा तोच महिना बघायचा.

ज्या शब्दावर खूप वेळा दिसताय पण कुणी बोट दाबत नाही, तिथं काम आहे. आमच्या यादीत असा शब्द होता ‘५ एचपी मोटर वायंडिंग रेट’. म्हणजे वहीतला पहिलाच प्रश्न. साइटवर भाव नव्हता. मावसभाऊ म्हणाला, ‘भाव लिहिला तर शेजारचा बघेल.’

‘शेजारच्याला तुझा भाव ठाऊक नाही?’

तो गप्प बसला. पुढच्या रविवारी एचपीप्रमाणे तक्ता केला. ‘इतक्यापासून’ असं लिहिलं आणि खाली टीप : तांब्याच्या तारेचा भाव बदलला की हा बदलतो, बेअरिंग वेगळं. तारीखही टाकली. तारेचा भाव फार हलला की तो स्वतःच मोबाइलवरून तक्ता सुधारतो.

आता ‘किती घेता’ विचारणारे फोन कमी झालेत. ‘साइटवर बघितलंय, घेऊन येतोय’ असं म्हणतात. वही अजून फोनशेजारीच आहे. परवा त्यात नवीन वाक्य आलं, ‘सोलर पंपाचा कंट्रोलर दुरुस्त करता का?’ त्याचं पान करायचं की नाही, हे आधी मावसभावाला ठरवायचंय.